कॅमेऱ्याचे वेगळे ५००

पावती अजून पाकिटात आहे. टेंट, जेवण, नाश्ता, आणि त्याखाली वेगळ्या पेनाने ‘कॅमेरा ५००’.

मोबाईलचे किती, असं विचारलं. मोबाईल फ्री. मग फरक काय? कॅम्पचा मॅनेजर, वय फार तर बावीस, एका कानात इअरबड, म्हणाला, “लेन्स निघते का?”

“निघते.”

“मग प्रोफेशनल.”

नऊ वर्षांचा कॅमेरा, त्याच्या पट्ट्याला सेफ्टीपिन. शेजारी उभ्या काकांच्या हातातल्या फोनच्या किमतीत असे तीन आले असते. पण त्यांची लेन्स निघत नाही, त्यामुळे ते हौशी.

भंडारदऱ्याचा हा पश्चिमेकडचा काठ माझा लाडका. समोर पूर्वेला पाणी, पाठीमागे रतनगड. धरण १९२६ सालचं, जलाशयाला नाव आर्थर लेक, पण तिथे ‘आर्थर’ म्हणून विचाराल तर लोक तुम्हाला टेंट नंबर विचारतील. पावसाळा संपताना तलाव काठोकाठ असतो. मग प्रवरा नदीत पाणी सुटत जातं तसा काठ उघडा पडतो आणि जिथे प्रतिबिंब होतं तिथे चिखल येतो. म्हणून एकदा सापडलेली जागा पुन्हा तशीच सापडेल याचा भरवसा नाही.

मला तर ती सापडलीच नाही. ट्रायपॉडच्या नेमक्या जागी बांबूचा बदाम उभा होता. आठ फूट उंच, खाली सिमेंट, वर कॅम्पचं नाव. पंधरा पावलं डावीकडे सरकलो. तिथे चिखल. चिखलात ट्रायपॉड नुसता रोवला तर वीस सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये, म्हणजे शटर उघडं असेपर्यंत, तो केसभर खचतो आणि घरी आल्यावर अख्खा डोंगर दुहेरी दिसतो. प्रत्येक पायाखाली चपटा दगड हवा, आणि मधला दांडा वर काढायचा नाही.

अकरा अंशांचा दोष मात्र माझाच, तो काकांवर ढकलत नाही. मागच्या वेळी आलो होतो फेब्रुवारीच्या मध्यावर, या वेळी डिसेंबर अखेरीला. आपल्याकडे सूर्य जूनमध्ये पूर्वेच्या पंचवीस अंश उत्तरेला उगवतो आणि डिसेंबरात तितकाच दक्षिणेला. फेब्रुवारीत जो दोन डोंगरांच्या खाचेतून आला होता, तो आता अकरा अंश उजवीकडे सरकलेला. हात लांब करून मूठ धरली की दहा अंश होतात. म्हणजे एक मूठ आणि वर थोडं. तिथे खाच नव्हती, डोंगराचा खांदा होता. खांदा चार अंश उंच असला तर वीसेक मिनिटं उशीर. पंचांगातला सूर्योदय सपाट क्षितिजाचा असतो, डोंगर त्यात धरत नाहीत. मला हे माहीत आहे. इतरांना मी हे ऐकवतोसुद्धा.

तरी सहाला उभा होतो. जादाची बॅटरी बनियनच्या खिशात, कारण थंडीत ती लवकर उतरते. पाण्यावर धुकं, वारा शून्य, प्रतिबिंब आरशासारखं. लेन्सवर दंव. ते फडक्याने पुसून उपयोग नसतो, काच गारच राहते आणि मिनिटभरात पुन्हा धुरकटते. हँड वॉर्मरची पुडी रबरबँडने लेन्सभोवती बांधायची. बांधली. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १००, लेन्सचं छिद्र एफ/११, फोकस हाताने, दर दहा सेकंदांनी आपोआप एक फोटो. सूर्याची कड डोंगरावर आली की छिद्र आणखी बारीक, एफ/१६ करायचं म्हणजे किरण फुटतात. माझ्या लेन्सच्या छिद्राला नऊ पाती, विषम आकडा असला की किरण दुप्पट, म्हणून अठरा.

तेवढ्यात काका आले. मंकी कॅप, बर्म्युडा, हातात चहा. बोलता बोलता त्यांनी ट्रायपॉडवर हात टेकवला, लोकलच्या दांड्यावर टेकवावा तसा.

“काय काढताय?”

“सूर्योदय.”

“अजून झाला नाही?”

“डोंगरामागे आहे.”

“आमच्या ॲपमध्ये झालाय.” त्यांनी फोन दाखवला. खरंच झाला होता. “तुमच्या कॅमेऱ्यात ॲप नाही?”

हात काढा म्हणालो. त्यांनी हात काढला आणि त्यात फोन होता तो माझ्या हातात दिला. “आमचा एक काढा. सूर्य तळहातावर. ही नेहमी म्हणते, आपला एकही तसा नाही.” मागून काकू आल्या, गजरा माळून. पहाटे सव्वासात वाजता गजरा कुठून आणला, हे मला अजून कळलेलं नाही.

कड दिसली. कॅमेऱ्यावर एफ/१६ केलं आणि हातात काकांचा फोन घेऊन चिखलात उकिडवा बसलो. तळहातावर सूर्य ठेवायचा तर फोटो काढणाऱ्यानेच वरखाली व्हायचं असतं. समोरच्याने हात हलवला की संपलं. काका हात हलवत होते.

“हात स्थिर.”

“अहो, पोट आत घ्या,” काकू.

“सूर्य आला का?”

“कोपरावर आहे.”

“मग जरा वर घ्या ना.”

“काका, सूर्य?”

“हो, थोडासाच.”

थाळी अख्खी वर यायला दोन-अडीच मिनिटं लागतात, त्यातली दोन इथे गेली. फोटो पाहून काका म्हणाले, चेहरा काळा आलाय. समोर सूर्य असताना चेहरा काळाच येतो, म्हणालो. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिच्यात मॅनेजरचे ते ५०० मला स्पष्ट दिसले. मग माझ्या स्क्रीनवर वाकून रात्रीची फ्रेम पाहिली. “ह्यात माणूसच नाही कोणी!”

वारा सुटला, धुकं फाटलं, प्रतिबिंब मोडलं.

काकांचं सोडा. रात्रभर काठाने रंगीत दिव्यांच्या माळा लावून ठेवतात, त्याचं काय? पहाटेच्या लांब एक्स्पोजरमध्ये चिखलसुद्धा गुलाबी येतो. जूनमध्ये याच झाडांवर काजवे बघायला गाड्यांच्या रांगा लागतात, आणि काजव्यांना जोडीदार शोधायला काळोख लागतो. माळा तेव्हाही चालूच. वर स्पीकर. पाण्याच्या कडेला थर्मोकोलच्या वाट्या, त्यांचे मात्र कोणी ५०० घेत नाही.

निघताना मॅनेजर हसत म्हणाला, “दादा, एक-दोन भारी फोटो पाठवा ना, आपल्या पेजला टाकतो. नाव नाही टाकत, पण फ्री पब्लिसिटी.”

घरी येऊन पाहिलं. मी उकिडवा बसलो होतो तेव्हा कॅमेरा इमानेइतबारे दर दहा सेकंदांनी चालू होता. बाराएक फ्रेम, सगळ्यांत काका. त्यातली एकच खणखणीत शार्प: मंकी कॅप, वर पसरलेला हात आणि कोपरावर अठरा किरणांचा सूर्य. चेहरा इतका काळा की काकूंनासुद्धा ओळखू येणार नाही. तोच पाठवला.

आता तो पेजवर पहिला आहे. खाली कोणीतरी विचारलंय, “कुठल्या फोनवर काढलाय?”