बिचाऱ्या जासुदाला हेर कोणी केलं?

ऐतिहासिक मालिकांत आणि फॉरवर्ड होणाऱ्या लेखांत 'जासूद' आला की तो ठरलेला हेर. घोंगडी पांघरून कान देऊन उभा! दोष हिंदीतल्या 'जासूस'चा. मूळ अरबी शब्दाचा अर्थ हेरच, आणि हिंदीने तोच ठेवला. पण पेशवाईच्या पत्रव्यवहारात रोज भेटणारा जासूद हा पत्र पोचवणारा माणूस आहे. (गुजरातीत जासूद म्हणजे जास्वंद. तिथे तर हेरगिरीचा संशयही नको.)

या चुकीने वाचन कसं फसतं पाहा. जुन्या पत्रांत 'जासूद जोडी' वारंवार येते. जासूद दोघे-दोघे पाठवत; एक आजारी पडला, वाटेत अडकला तर दुसरा थैली पुढे नेणार. 'जासूद जोडी रवाना केली' म्हणजे पत्र टपालात पडलं, बस्स. त्याचं 'दोन हेर सोडले' केलं की साध्या डाकेचं कारस्थान होतं.

त्याचाच भाऊबंद कासीद. 14 जानेवारी 1761 नंतर पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना कळली ती सावकारांच्या कासिदाकडून. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने नोंदवलंय की पानिपतहून औरंगाबाद नऊ दिवसांत गाठायचं त्याने कबूल केलं होतं. अंतर हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे दिवसाला 110 हून जास्त! पेशव्यांनी त्याच्याजवळचं पत्र फोडलं, आणि दोन मोती (म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ) गळाल्याचा तो सांकेतिक मजकूर निघाला. बातमी पत्रात होती, कासिदाने ती सांगायची नव्हती. त्याचं काम पत्र नेण्याचं.

माझी कसोटी इथेच आहे: समोरच्याने उलट प्रश्न विचारला तर या माणसाला उत्तर द्यायचा अधिकार आहे का? नसेल तर तो जासूद, कासीद, हरकारा, सांडणीस्वार किंवा घरगुती भाषेत निरोप्या. असेल तर दूत किंवा वकील. हो, वकील! हिंगणे दिल्लीत पेशव्यांचे वकील होते म्हणजे काळा कोट घालून खटले चालवत नव्हते, धन्याच्या वतीने बोलणी करत होते. दोन घरांत बोलणी फिसकटल्यावर मध्ये पडतो त्याच्या कामाला 'शिष्टाई' हा नेमका शब्द आहे. त्याला निरोप्या म्हटलं तर त्याचा अपमान, आणि निरोप्याने शिष्टाई सुरू केली तर घोटाळा नक्की.

'संदेशवाहक' मला फक्त शास्त्राच्या पुस्तकात चालतो. संदेशवाहक आरएनए, ठीक. पण शेजारच्या पोराकरवी चावी मागवली तर तो पोरगा संदेशवाहक? निरोप्या म्हणा की!

आता रोजच्या वापरातला खरा खड्डा: 'निरोप देणे'. 'मी त्याला निरोप दिला' यात सांगावाही असू शकतो आणि पाठवणीही. घोळ विभक्तीने सुटतो. 'त्याच्याकडे निरोप दिला' म्हणजे तो निरोप्या झाला, पुढे कुणाला तरी सांगणार. 'त्याला निरोप सांगितला' म्हणजे निरोप त्याच्यासाठीच होता. नुसतं 'त्याला निरोप दिला' हे स्टेशनवर हात हलवण्यासाठी राखून ठेवावं. निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याबद्दल 'त्यांच्याकडे निरोप दिला' लिहिलंत, तर लोक विचारतील, कुणासाठी?