रिव्हर्बच्या नावानं चांगभलं!

परत तेच! गिटारच्या इफेक्ट्सची साखळी लावायची ती आधी रिव्हर्ब (खोलीतल्यासारखा घुमारा), मग डिले (थोड्या वेळानं परत येणारा आवाज), शेवटी ड्राइव्ह (म्हणजे डिस्टॉर्शन, आवाज फाडणारं), आणि वर तक्रार की ‘आवाजाचा चिखल होतोय’. होणारच की! डिस्टॉर्शन बारीक आवाजही वर खेचतं, मग प्रतिध्वनीचं शेपूट मूळ सुराच्या उरावर बसतं. भडंगावर दूध ओतायचं आणि कुरकुरीत का नाही विचारायचं, तसलं हे.

क्रम असा लावा: ड्राइव्ह, अँप, कॅब (स्पीकरची पेटी), मग डिले, शेवटी रिव्हर्ब. डिलेचा मिक्स (एकूण आवाजात इफेक्टचा वाटा) २०-२५ टक्के, फीडबॅक (आवाज किती वेळा परत येणार ते) दोन-तीन ठोक्यांपुरता. डिलेची वेळ चाचपडू नका, ६०,००० भागिले बीपीएम (मिनिटाला ठोके) करा: १२० च्या गाण्याला ५०० मिलिसेकंद, डॉटेड एट्थला (पाऊण ठोक्याला) ३७५. रिव्हर्बला ३० मिलिसेकंद प्री-डिले (घुमारा सुरू व्हायच्या आधीची उसंत) द्या, २०० हर्ट्झखालचं कापा, नाहीतर बेसवाल्याशी भांडण ठरलेलं.

रिव्हर्ब पॅरलल, म्हणजे मूळ आवाजाच्या शेजारच्या वेगळ्या, वाटेवर असेल तर मिक्स १०० टक्के. शंभर! कोरडा (बिनइफेक्टचा) आवाज दुसऱ्या वाटेनं येतच असतो; ५० ठेवला की तो परत मिसळतो, आणि मग ‘रिव्हर्ब लावला की व्हॉल्यूम का वाढतो’ म्हणून गळा काढायचा.

आणि घरी हेडफोनवर बनवलेला तो ढगात तरंगणारा प्रीसेट (साठवलेली सेटिंग) सांगलीच्या मंगल कार्यालयात तसाच? खाली फरशी, बाजूला काचा, वर पत्रा. हॉलच फुकटात रिव्हर्ब देतोय, तुमचा निम्म्यावर आणा की राव! मिक्सरला डावीच वायर गेली आणि इफेक्टचं युनिट डावं-उजवं एकत्र (मोनो) करत नसेल, तर पिंगपाँग (आलटून पालटून डावी-उजवीकडे वाजणाऱ्या) डिलेचे एकाआड एक ठोके गायब. मग साउंडवाल्याला शिव्या.