खुलासा: स्पॅनिशमध्ये नामाआधी ‘सुआ’ येत नाही

पुण्यातल्या स्पॅनिश शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: वस्तूचा मालक पुरुष असेल तर ‘सु’ (त्याचं), बाई असेल तर ‘सुआ’ (तिचं). हे चूक आहे. ‘सुआ’ इटालियन-पोर्तुगीजमधला, तिथूनच घुसला असावा.

स्पॅनिश रॉयल अकादमीच्या व्याकरणात नामाआधी ‘सु’ आणि ‘सुस’ एवढीच रूपं आहेत, आणि ती मालकाकडे बघतच नाहीत. पुस्तक एक असेल तर ‘सु लिब्रो’, अनेक असतील तर ‘सुस लिब्रोस’. मग ते त्याचं असो, तिचं, त्यांचं किंवा तुमचं. घोळ होतोच, म्हणून ‘एल लिब्रो दे एया’ म्हणजे ‘तिचं पुस्तक’ असंही म्हणतात. लिंग दिसतं ते ‘नुएस्त्रो-नुएस्त्रा’ (आमचा-आमची) आणि ‘बुएस्त्रो-बुएस्त्रा’ (अनौपचारिक ‘तुम्हा सगळ्यांचा-सगळ्यांची’) यांमध्ये, तेही वस्तूचं. बोलणारे कुणीही असोत, घर ‘नुएस्त्रा कासा’च. आपल्या ‘आमचा-आमची’सारखंच की!

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, परीक्षेच्या तोंडावर तर नकोच.