डायल खरं बोलते का? निकॉन झेडएफबद्दल थोडं सविस्तर

रेट्रो कॅमेऱ्यांवर लिहिणारे बहुतेक जण दिसण्यावर थांबतात. पितळी डायली, लेदरसारखं कव्हर, जुन्या वळणाचं निकॉनचं नाव. निकॉनचा हा रेट्रो वळणाचा डिजिटल कॅमेरा, झेडएफ, देखणा आहे यात वादच नाही. पण इतकी महागडी बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) घेताना मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो एकच प्रश्न: डायलवर जो आकडा दिसतोय, कॅमेरा खरंच तोच वापरतोय का?

१९८२ च्या एफएम२ या निकॉनच्याच फिल्म कॅमेऱ्यात हा प्रश्न उद्भवतच नव्हता. शटरची डायल २५० वर म्हणजे शटर (उजेड आत सोडणारा पडदा) १/२५० सेकंद उघडं, विषय संपला. सेल फक्त लाइट मीटरसाठी; सेल संपला तरी सगळे स्पीड चालत. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या झेडएफने रूप त्याचं घेतलं, पण आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) डायलच्या खाली एक लिव्हर बसवला: ऑटो, पी, एस, ए, एम. शटर आणि ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) यांतलं काय तुम्ही ठरवणार आणि काय कॅमेरा, ते यावर. सगळी गोची या लिव्हरमध्ये आहे.

लिव्हर 'ए' वर ठेवा. आता ॲपर्चर तुम्ही ठरवणार, शटर कॅमेरा ठरवणार. शटर डायल फिरवा, ती ऐटीत कटकट करत फिरेल, पण होणार काहीच नाही. डायलवर ६० आणि व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या जागी) १/२०००, दोन्ही एकाच वेळी. 'पी' मध्येही (शटर, ॲपर्चर दोन्ही कॅमेऱ्याकडे) तेच. म्हणजे ज्या मोडमध्ये आपल्यातले निम्मेअधिक लोक कायम असतात, त्यात कॅमेऱ्यावरची शटर डायल नुसती शोभेची.

फुजीने हे नीट सोडवलंय. एक्स-टी५ किंवा एक्स१०० सिक्सवर असा लिव्हर नाही. शटर डायलवर 'ए' (ऑटो) आहे, ॲपर्चर रिंगवर 'ए' आहे. जे 'ए' वर ते कॅमेऱ्याचं, जे आकड्यावर ते तुमचं. कॅमेरा बंद असतानाही वरून बघून कळतं. (अर्थात एक्स१०० सिक्सवर आयएसओ बदलायला शटर डायलची बाहेरची रिंग उचलून फिरवावी लागते. घाईत ते वैताग आणतं.)

झेडएफची डायल खरं बोलायला लावता येते. लिव्हर 'एम' वर (शटर, ॲपर्चर दोन्ही तुमच्याकडे), मेनूत ऑटो आयएसओ चालू, कमाल मर्यादा तुमच्या पसंतीची (मी ६४०० सुचवेन), आणि आयएसओ डायल १०० वर. आता शटर डायल खरी, ॲपर्चर पुढच्या चाकाने आणि त्याचा आकडा वरच्या छोट्या खिडकीत खरा, आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची (फोटो उजळ-गडद करायची) डायलही कामाची, कारण ती आयएसओ वरखाली करते. तरंगता राहतो फक्त आयएसओ, तो व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतो. माझ्या मते हा कॅमेरा वापरायची खरी पद्धत हीच.

यात दोन खड्डे आहेत. पहिला, ऑटो आयएसओ चालू असताना आयएसओ डायलचा आकडा 'किमान' म्हणून धरला जातो. रात्रीच्या कार्यक्रमात डायल ३२०० वर नेली आणि तशीच विसरलात, तर दुसऱ्या दिवशी भर उन्हातही कॅमेरा ३२०० च्या खाली उतरणार नाही. लोक म्हणतात 'सेन्सर नॉइजी (फोटो दाणेदार) आहे'. सेन्सर चांगला आहे हो, डायल बघा.

दुसरा खड्डा दुपारच्या उन्हाचा. आयएसओ १०० ला कडक उन्हात साधारण एफ/१६ (एफचा आकडा लहान तितकं ॲपर्चर मोठं) आणि १/१२५ लागतं. एफ/१६ वरून एफ/२ वर यायचं म्हणजे सहा स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट), म्हणजे शटर थेट १/८०००. डायलवरचा शेवटचा आकडा! १/२५० वर ठेवून एफ/२ ने टिपलं तर फोटो पांढराफटक, कारण ऑटो आयएसओ १०० च्या खाली उतरत नाही. एनडी (उजेड कमी करणारा) फिल्टर जवळ ठेवा.

आता एक बारीक गोष्ट, जी आपल्याकडे फार नडते. शटर डायलवर फक्त पूर्ण स्टॉप छापलेत: ३०, ६०, १२५, २५०. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. त्यावर उतारा म्हणजे १/५० किंवा १/१००. आणि नेमके हे दोन आकडे डायलवर नाहीत! १/१२५ ला हॉलमध्ये एका फोटोत उजेड जास्त, दुसऱ्यात कमी, तिसऱ्यात रंग पिवळट असं होतं. त्यासाठी डायल '१/३ स्टेप' या खुणेवर न्यायची आणि मागच्या चाकाने १/१०० लावायचं. म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये रेट्रो डायल बाजूला ठेवून साध्या कॅमेऱ्यासारखंच काम करायचं. सायलेंट मोड तर अशा उजेडात लावूच नका. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, या सेन्सरचा तो वेग काही फार नाही, आणि फोटोभर आडवे पट्टे येतात.

लेन्सचं म्हणाल तर सोंग इथे उघडं पडतं. जुन्या रूपाच्या २८ एमएम एफ/२.८ आणि ४० एमएम एफ/२ या 'एसई' लेन्स हलक्या आहेत, ४० एमएम अवघी १७० ग्रॅम, चित्रही छान देते. पण ॲपर्चर रिंग? नाही. रिंग एकच, तिला ॲपर्चरचं काम देता येतं, पण तिच्यावर आकडे नाहीत, टकटक नाही, बोट लागलं की एफ/२ चं एफ/२.५ कधी झालं कळत नाही. माउंटही (लेन्स बॉडीला जोडणारी कडी) प्लास्टिकचा. डायल पितळेची आणि माउंट प्लास्टिकचा, हे मला काही पटत नाही. खरी ॲपर्चर रिंग हवी असेल तर फोइग्टलँडर कंपनीच्या झेड माउंट लेन्स आहेत, सगळ्या मॅन्युअल फोकस, आणि स्वस्त नाहीत.

पकड. बॉडी सेल-कार्डासकट ७१० ग्रॅम, पुढे ग्रिप नाहीच म्हणा ना. एफएम२ ५४० ग्रॅमचा होता आणि त्यावर छोटी लेन्स असायची, त्याला सपाट चेहरा चालला. इथे २४-१२० एफ/४ झूम लेन्स लावली की ६३० ग्रॅम पुढे लोंबतात आणि अर्ध्या तासात करंगळी बोलू लागते. खालून स्क्रूने बसणारी ग्रिप मिळते, ती घ्याच. फक्त घेताना बघा की सेलचं झाकण तिच्यातून उघडतं का, कारण सेल आणि दोन्ही कार्डं त्याच झाकणाआड आहेत. ट्रायपॉडची रुंद प्लेट लावली तर प्रत्येक वेळी काढा-घाला.

दुसरं कार्ड मायक्रोएसडी आहे. होय, मोबाइलमधलं. खोल खाचेत, नखाने दाबून काढायचं, आणि अंधारात पडलं तर शोधत बसा. शिवाय तो स्लॉट यूएचएस-१ (हळू), पहिला यूएचएस-२ (वेगवान). दोन्हींवर रॉ (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) बॅकअप लावला की सलग फोटो काढताना सगळं गाडं मायक्रोएसडीच्या चालीने चालतं. रॉ मोठ्या कार्डावर आणि जेपेग छोट्यावर, ही तडजोड बरी.

इतकं बोलून झाल्यावर जमेची बाजू सांगायला हवी, कारण ती भक्कम आहे. २४.५ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम सेन्सर आणि एक्स्पीड ७ प्रोसेसर, म्हणजे डोळे, पक्षी, गाड्या ओळखणारा फोकस. सेन्सरचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणं) कंपनीच्या मापाने ८ स्टॉप. ते बाजूला ठेवा, पण ४० एमएमला १/४ सेकंदाचा फोटो हातात धरून निघतो, फक्त समोरचं हलायला नको.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: मॅन्युअल फोकस लेन्सवरही कॅमेरा चेहरा आणि डोळा शोधून त्यावर चौकट लावतो. झूमचं बटण दाबलं की नेमका तो डोळा मोठा होतो, मग हाताने रिंग फिरवा. एफटीझेड २ अडॅप्टर (जुन्या निकॉन लेन्स बसवणारा) घेऊन घरातली जुनी एआय-एस निक्कोर (निकॉनची हाताने फोकस करायची लेन्स) लावली, तर ॲपर्चर रिंगही खरी मिळते. मात्र मेनूत 'नॉन-सीपीयू लेन्स डेटा' मध्ये फोकल लेंथ भरा. १०५ ची लेन्स काढून २८ ची लावली आणि मेनूत १०५ च राहिलं, तर स्टॅबिलायझेशन गरजेपेक्षा जास्त हलतं आणि स्थिर हातातला फोटोही हललेला येतो. फोकस ॲपर्चर उघडं ठेवून करा, मग रिंग बंद करा. आणि जुन्या स्क्रू-ड्राइव्ह एएफ-डी लेन्स (ज्यांचा फोकस बॉडीतली मोटर फिरवते) या अडॅप्टरवर ऑटोफोकस होत नाहीत, हे आधीच माहीत असू द्या.

शटर डायलखालच्या फोटो-ब्लॅक अँड व्हाइट-व्हिडिओ लिव्हरची काही जण थट्टा करतात. मला तो पटतो. व्ह्यूफाइंडरच काळापांढरा होतो, रंगांचा गोंधळ नजरेआड जातो आणि उजेड दिसायला लागतो. रॉ फाइलमध्ये रंग शाबूत राहतात. फक्त जेपेग काढत असाल तर मात्र जपा. लिव्हर पिशवीत सरकला तर हळदीचे फोटो कायमचे काळेपांढरे.

गणपतीत नेणार असाल तर: उंच डायलींच्या फटीत गुलाल बसतो. ओल्या फडक्याने पुसू नका, त्याचा चिखल होऊन आत जातो. आधी ब्लोअर, मग डायल थोडी थोडी फिरवत कोरडा मऊ ब्रश. बॉडी धूळ-पाण्याला बरी आहे, पण त्या प्लास्टिक माउंटच्या लेन्ससकट मिरवणुकीत भिजायला उभे राहू नका.

लग्नाचं, खेळांचं पोटापाण्याचं काम करणाऱ्यांनी निकॉनचाच झेड ६ थ्री बघावा. ग्रिप आहे, जॉयस्टिक आहे (झेडएफला नाही), यू१-यू२-यू३ सारखे साठवलेले मोड आहेत (झेडएफला तेही नाहीत). झेडएफ त्याच्यासाठी, जो एक छोटी लेन्स लावून सावकाश फोटो काढतो.

दुकानात गेलात तर ४० एमएम लावून मागू नका, तुमच्याकडची सगळ्यात जड लेन्स लावून दहा मिनिटं हातात धरा. मग लिव्हर 'ए' वर ठेवून शटर डायल फिरवा. विक्रेत्याला विचारा, आता काय बदललं?