एका माणसासाठी सहा जीव?

वाद पेटवला बापूने. "एकाला सोडवायला सहा माणसं घालवायची, हा कुठला हिशेब?" तो बोलत होता व्हिएतनामबद्दल. अमेरिकी हवाई दलाचा हॅम्बल्टन शत्रूच्या मुलखात अडकला होता. त्याला काढायला गेलेलं हेलिकॉप्टर ६ एप्रिल १९७२ला पाडलं गेलं, आतले सहाही गेले.

सुनीलचा आवाज चढला. "मग कुणी जायचंच नाही? कुणीतरी न्यायला येईल, या भरवशावर तर ती पोरं रोज उडत होती."

मी सुनीलच्या बाजूचा. १९६५ ते ६८च्या 'रोलिंग थंडर' या अमेरिकी हवाई मोहिमेत टोंकिनच्या आखातातल्या विमानवाहू जहाजांवरून उत्तर व्हिएतनामवर बॉम्बफेक चाले. विमानाला मार बसला की वैमानिकाची एकच धडपड, कसंही करून समुद्र गाठायचा. पाण्यावर नौदलाचं हेलिकॉप्टर येण्याची आशा असे, जमिनीवर बहुधा तुरुंगच.

"तो नौदलाचा वैमानिक अल्वारेझ पाण्यातच पडला होता ना?" बापू.

"किनाऱ्याला खेटून पडला, कोळ्यांच्या हाती लागला." ऑगस्ट १९६४मध्ये पकडलेला तो माणूस १९७३मध्ये सुटला.

मग मी नौदलाचा हेलिकॉप्टर वैमानिक क्लाइड लासेनचं सांगितलं. १९ जून १९६८, मध्यरात्र उलटलेली. 'अमेरिका' या जहाजावरचं फँटम विमान क्षेपणास्त्राने पाडलं, त्यातले दोघं डोंगराळ झाडीत. लासेन छोटं सीस्प्राइट हेलिकॉप्टर घेऊन गेला. झाडांमध्ये तरंगत असताना उजेडासाठी वरून टाकलेले फ्लेअर विझले, हेलिकॉप्टर झाडाला धडकलं, त्याने कसंबसं सावरलं. मग दोघांना खाली भातखाचरात यायला सांगितलं. पुन्हा अंधार झाला तेव्हा त्याने आपले लँडिंग लाइट लावले. सगळ्या बंदुका त्याच्याकडे वळणार, हे ठाऊक असताना! दोघांना उचलून तो 'जूएट' या जहाजावर उतरला, तेव्हा टाकीत पाचेक मिनिटांचं इंधन होतं.

"परत आला म्हणून गोष्ट झाली," बापू म्हणाला. याला उत्तर सोपं नाही.

इतका वेळ गप्प असलेले अण्णा म्हणाले, "आणि ज्यांच्या डोक्यावर बॉम्ब पडत होते, त्यांचं?" हे विचारायलाच हवं होतं. ऑक्टोबर १९६७मध्ये अमेरिकी वैमानिक जॉन मॅकेन हनोईतल्या त्रुक बाख तळ्यात पडला. जमावाने त्याला मारहाण केली खरी, पण बुडताना बाहेर ओढणारा माई वान ऑन त्याच शहरातला होता.

बापूचं मला एवढंच पटतं की हेलिकॉप्टरमागून हेलिकॉप्टर पाठवणं चूक होतं. ते थांबवलंही. शेवटी नौदलाच्या सील या कमांडो दलाचा टॉम नॉरिस आणि दक्षिण व्हिएतनामचा न्गुयेन वान कियेत कोळ्यांच्या वेशात सांपान होडीतून रात्री गेले आणि हॅम्बल्टनला पाल्याखाली झाकून घेऊन आले.

"मग आधीच दोघं का नाही पाठवले?" बापू.

"आधी पाठवायला हवे होते," सुनील म्हणाला, "पण पाठवायलाच हवे होते."