‘क्लू’ म्हणजे मुळात दोऱ्याचा गुंडा

तुमच्या लेखात इंग्रजी ‘क्लू’ (clue) या शब्दाचा अर्थ ‘पुरावा’ असा दिलाय, तो मला पटला नाही. पुरावा कोर्टात टिकतो. क्लू फक्त वाट दाखवतो. आणि मुळात तो आहे दोऱ्याचा गुंडा! जुन्या इंग्रजीत अशा गुंड्याला ‘क्ल्यू’ म्हणत, स्पेलिंग तेवढं वेगळं (clew). ग्रीक कथेत क्रीट बेटावरच्या चक्रव्यूहात मिनोटॉर या बैलाच्या डोक्याच्या राक्षसाला मारायला निघालेल्या थिसिअस या वीराला तिथली राजकन्या एरिअ‍ॅडनी असाच गुंडा देते. एक टोक दाराशी बांधायचं, आत जाताना दोरा सोडत जायचं आणि परतताना तोच धरून बाहेर यायचं. त्यावरूनच पुढे कोडं सोडवायला मदत करणारी कुठलीही खूण ‘क्लू’ झाली. जुनं स्पेलिंग आजही जहाजावर टिकून आहे, शिडाच्या खालच्या कोपऱ्याला ‘क्ल्यू’च म्हणतात.

आजीचा लोकरीचा गुंडा पलंगाखाली गेला की आम्ही लोकर धरून रांगत तो शोधायचो, तेच हे! आपल्याकडेही पोलिसांच्या हाती ‘धागेदोरे’ लागतात, आणि बातमीतल्या ‘सूत्रां’मधलं सूत्र म्हणजेही दोराच. ‘धागेदोरे’ हा एवढा नेमका मराठी शब्द असताना ‘पुरावा’ कशाला? लेखात तेवढी दुरुस्ती जरूर करा.