विली म्युन्त्सेनबर्ग पळपुटा नव्हता

जर्मन कम्युनिस्ट पत्रकार विली म्युन्त्सेनबर्गबद्दल एक मजकूर सारखा फिरत असतो. त्याचा सारांश असा: हिटलर येताच हा पॅरिसला पळाला, मॉस्कोच्या पैशावर खोटा प्रचार केला, स्टालिननं हिटलरशी करार केला तेव्हा मूग गिळून बसला आणि शेवटी स्टालिननंच त्याला मारलं.

पळाला म्हणजे काय? 27 फेब्रुवारी 1933 च्या रात्री राइशटाग, म्हणजे बर्लिनमधलं जर्मन संसदभवन, पेटलं. दुसऱ्याच दिवशी संपादक कार्ल फॉन ओसिएट्स्कीला अटक झाली. छळछावणीनं त्याला क्षय दिला, 1938 मध्ये तो पहाऱ्यातच गेला. कम्युनिस्ट पक्षाचा नेता एर्न्स्ट थेलमान मार्चमध्ये पकडला गेला, 11 वर्षं कोठडीत ठेवून 1944 मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत त्याला गोळी घातली. आगीच्या रात्री म्युन्त्सेनबर्ग सभेसाठी फ्रँकफुर्टजवळ होता, तिथूनच सरहद्दीपार गेला. थांबून तुरुंगात सडला असता तर शूर ठरला असता का?

पैसा कॉमिन्टर्नचा, म्हणजे मॉस्कोतून चालणाऱ्या जागतिक कम्युनिस्ट संघटनेचा होता, हे खरं. पण त्या पैशातून काय झालं ते पाहा. ऑगस्ट 1933 मध्ये त्याच्या प्रकाशनानं राइशटागची आग आणि नाझी दहशतीवर 'ब्राउन बुक' काढलं. जर्मनीत चोरून पाठवायच्या प्रतींवर गटेच्या 'हेर्मान आणि डोरोथेआ'चं मुखपृष्ठ होतं. वरून शाळकरी पोराच्या दप्तरात शोभेल असं काव्य, आत छावण्यांची वर्णनं आणि ठार केलेल्यांची यादी. आगीचा कट कुणी रचला याची त्यातली कहाणी बरीचशी तर्कावर उभी होती आणि आगीबद्दल पकडलेल्या व्हान डर लुब्बे या डच तरुणाची त्यात केलेली बदनामी अन्यायाचीच होती. छावण्या मात्र खऱ्या होत्या, आणि त्या जगाला इतक्या लवकर दाखवणारे फार थोडे होते. त्याच महिन्यात नाझींनी त्याचं नागरिकत्व काढून घेतलं.

मूग गिळल्याचा आरोप तर धडधडीत खोटा आहे. 1936 मध्ये मॉस्कोत त्याची पक्षचौकशी झाली. तिथून सुटला तो पुन्हा गेलाच नाही. 1938 मध्ये त्यानं पॅरिसमध्ये 'डी त्सुकुन्फ्ट' हे साप्ताहिक सुरू केलं. 23 ऑगस्ट 1939 ला करार झाला, 17 सप्टेंबरला लाल सेना पोलंडमध्ये घुसली आणि 22 सप्टेंबरच्या अंकात त्यानं नाव घेऊन लिहिलं: गद्दार तूच आहेस, स्टालिन! ज्या चळवळीला उभं आयुष्य दिलं, तिच्या सर्वोच्च नेत्याला हे छापून सांगायला छाती लागते.

त्याला खरोखर धारेवर धरायचं तर 1932 साठी धरा. सोशल डेमोक्रॅट्सना घेऊन हिटलरविरुद्ध आघाडी करा, असं स्टालिनचा विरोधक कम्युनिस्ट नेता ट्रॉट्स्की सांगत होता, आणि म्युन्त्सेनबर्गनं त्या प्रस्तावालाच फॅसिस्ट म्हटलं. ही चूक फार महागात पडली. फिरत्या मजकुरात तिचा उल्लेखही नाही.

राहिला मृत्यू. मे 1940 मध्ये फ्रेंच सरकारनं जर्मन म्हणून त्याला डांबलं. जूनमध्ये, जर्मन फौजा जवळ येताना, छावणीतून बाहेर पडलेला तो वाटेत बेपत्ता झाला. ऑक्टोबरमध्ये सेंट-मार्सेलिनजवळच्या रानात प्रेत सापडलं, गळ्याला दोर. आत्महत्या, स्टालिनचे हस्तक, गेस्टापो (नाझींचे गुप्त पोलीस), असे तिन्ही तर्क मांडले गेले. निर्णायक पुरावा एकाचाही नाही. ‘स्टालिननंच मारलं’ असं छातीठोक लिहिणाऱ्यांनी आधी तो दाखवावा.